"अंकल, विकणार का?"

मु. पो. मोखाडा

पावसाळ्यात मुंबई-ठाण्याहून येणाऱ्या समस्त रायडर महोदयांस,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी नाक्यावरच्या टपरीपाशी आपण माझ्या येझदीला तीन प्रदक्षिणा घातल्यात, टाकीवर टिचकी मारलीत, सीटवर बसून फोटो काढवून घेतलात आणि मग विचारलंत, "अंकल, विकणार का?" माझं लक्ष चहात बुडणाऱ्या बटरकडे होतं, उत्तर राहून गेलं. दर रविवारी हाच प्रश्न येतो, म्हणून आता एकदाच आणि जाहीर देतो.

आधी माल बघा. रोडकिंग, 1991ची, अडीचशे सीसी, म्हैसूरची. तो कारखाना 1996 सालीच बंद पडला, त्यामुळे "एकदा कंपनीत दाखवून घ्या" हा आपला सल्ला पाळायला मला किंचित उशीर झाला आहे. 2022पासून येझदी नावाची नवी गाडी मिळते. बटण दाबलं की सुरू होते म्हणे. चांगलीच असणार. माझीचा नंबर एमएच-04. जिल्हा 2014 साली ठाण्यातून फुटून पालघर झाला, ते गाडीला कोणी कळवलं नाही. धूर सोडते, कबूल. पंधरा वर्षांवरची म्हणून पर्यावरण कर भरलाय, पावती डिकीत आहे.

ही घेतली तेव्हा मी खोडाळ्याच्या बाजूला मास्तर होतो. हिचा आवाज वळणावळणांवरून माझ्याआधी शाळेत पोचायचा आणि मी दारात येईपर्यंत वर्ग शहाण्यासारखा पाढे म्हणत बसलेला असायचा. अचानक तपासणी मला उभ्या नोकरीत जमली नाही. पुढे घरात स्कूटर आली आणि ही पडवीत पेंढ्याखाली गेली. एकोणीस वर्षं. सीटवर खुडूक कोंबड्यांच्या किती पिढ्या बसल्या, मोजल्या नाहीत. निवृत्तीनंतर बाहेर ओढली तर टाकीतून गंजच निघाला. बोअर, पिस्टन, रिंगा, वायरिंग, सगळं झालं. खर्च विचारू नका. घरी सांगितलेला आकडा वेगळा आहे.

आता चालवण्याचं. आपण उजव्या बाजूला वाकून किक शोधत होतात. ती डावीकडे असते, आणि खरं तर नसतेच. गिअरची दांडी आत दाबून मागे फिरवली की तीच किक होते. गाडी सुरू झाली की परत पुढे, पुन्हा गिअर. घाई केली तर ती पोटरीवर शिक्का मारते. माझ्याकडे दोन आहेत, एक 1991चा, एक परवाचा.

पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, लिटरमागे चाळीस मिली. म्हणून त्र्यंबकहून येताना तोरंगण घाटाच्या उतारावर थ्रॉटल सोडून ऐटीत बसता येत नाही. पेट्रोल थांबलं की त्याबरोबरचं तेलही थांबतं आणि पिस्टन कोरडा पडतो. मधूनमधून उतारावरही थोडा पीळ द्यायचा. मागे बसलेल्यांना ते वेड वाटतं.

परवा त्याच घाटात प्लग काळा पडला. पाऊस, धुकं. मी दगडावर बसून पॉलिश पेपरने प्लग घासत होतो. मोळी घेऊन निघालेल्या बाईने चाल न मोडता निदान केलं, "मास्तर, पिलग?" मागून एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर माझाच विद्यार्थी, सातवीत दोनदा बसलेला. त्याने माझ्या हातातून प्लग काढून घेतला, फुंकला, लावला आणि "कॉक बंद करा आधी, ओव्हर झालीय" असा मला दम दिला. दुसऱ्या किकला लागली. मी मान खाली घालून "बरं" म्हणालो.

आपण म्हणालात, "साउंड एक नंबर आहे, रीलला भारी जाईल." जाईल ना. पण आवाज सुटा विकता येत नाही, महोदय. त्याबरोबर प्लग येतो, घाट येतो, आणि तो टेम्पोवालाही. त्याला मी अजून विचारलेलं नाही.

तेव्हा गाडी विकायची नाही. मात्र रविवारी सकाळी आठच्या आत आलात तर उपकार होतील. गार इंजिन असताना ढकलायला दोन माणसं लागतात, आणि एकच आहे.

आपला,
अंकल