टेस्टिंगचे नाना

आमच्या कल्याणच्या सोसायटीत नाना दोन. एक सेक्रेटरी नाना आणि दुसरे टेस्टिंगचे नाना. दुसरे वीज मंडळाच्या मीटर टेस्टिंग लॅबमधून रिटायर झाले. 2005 साली मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण नानांच्या तोंडी अजून ‘बोर्ड’च. उभी नोकरी त्यांनी एकच काम केलं. लोकांच्या घरून काढून आणलेलं मीटर बेंचवर लावायचं, शेजारी बोर्डाचं प्रमाण मीटर लावायचं, दोघांवर सारखाच लोड टाकायचा आणि चकतीच्या फेऱ्या मोजत बसायचं. मग फास्ट, स्लो किंवा ओके असा शेरा मारायचा आणि सील ठोकायचं. तीस-बत्तीस वर्षं हे केल्यावर जगात चालणारी कुठलीही वस्तू दुसऱ्या कशाच्या तरी शेजारी लावल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी आपण एका वेळी दोन आमट्या करणं बंद केलं, असं काकू सांगतात. नाना दोन वाट्या शेजारी-शेजारी मांडून बसत. कुठली उदबत्ती किती मिनिटं जळते, स्टेशनवरून घरी यायला कुठल्या रस्त्याने रिक्षाला किती सिग्नल लागतात, हे सगळं त्यांच्याकडे लिहून ठेवलेलं आहे. विचारणारा मात्र कोणी नव्हता. मग मुलाने बेंगळुरूहून आपला जुना लॅपटॉप पाठवला आणि नाना ब्राउझरकडे वळले.

खरं तर हा प्रश्न मुलानेच सोडवून टाकला होता. नानांनी फोनवर विचारलं, “इंटरनेट बघायला कुठला ब्राउझर चांगला रे?” मुलगा सॉफ्टवेअरमधला, त्या दिवशी घाईत. म्हणाला, “बाबा, कुठलाही वापरा हो. घरच्या कामाला काही फरक पडत नाही.”

‘कुठलाही’! मीटर टेस्टिंगमधल्या माणसाला ‘कुठलंही लावा, काही फरक पडत नाही’ म्हणायचं म्हणजे कीर्तनकाराला ‘कुठलाही देव घ्या’ म्हणण्यासारखं आहे. त्याच संध्याकाळी नानांनी लांब, लाल कापडी पाठीची वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि लॅपटॉपवर एकामागून एक सहा ब्राउझर उतरवले: क्रोम, एज, फायरफॉक्स, ऑपेरा, ब्रेव्ह आणि विवाल्डी. सातवा इंटरनेट एक्सप्लोरर वहीत आहे, पण त्याच्यापुढे तांबड्या शाईत ‘पी.डी. 15/6/2022’ असा शेरा आहे. पी.डी. म्हणजे पर्मनंट डिसकनेक्शन, पुरवठा कायमचा तोडलेला. मायक्रोसॉफ्टने त्या दिवशी एक्सप्लोररला निवृत्त केलं ही बातमी आपण सगळ्यांनीच वाचली, पण तिची नोंद ठेवलेली मी फक्त नानांकडे पाहिली. पुढे एजमध्ये जुन्या साइटसाठी एक ‘आयई मोड’ असतो आणि त्यात तो जुना एक्सप्लोररच आतून चालतो, हे त्यांना कळलं. नाना खुर्चीत ताठ झाले. “म्हणजे पी.डी. केलेल्या घरात शेजारून आकडा टाकून दिवा लावलाय!”

टेस्टची पद्धत पक्की होती. तीन पानं ठरलेली. पहिलं विजेच्या बिलाचं. दुसरं गावच्या जमिनीच्या सातबाऱ्याचं. तिसरं रेल्वेचं, तेही तत्काळच्या वेळी. दहाला एसी सुटतं तेव्हा एकदा आणि अकराला बिगर-एसी सुटतं तेव्हा एकदा, कारण लोडवर घेतलेलं रीडिंगच खरं. नानांना कुठेही जायचं नसतं. ते प्रवाशाचं नाव लिहायच्या पानापर्यंत जातात, स्टॉपवॉच दाबतात आणि लॉगआउट करतात. (गेल्या दोन वर्षांत तुमचं तत्काळ हुकलं असेल, तर मी इथे नानांच्या वतीने दिलगिरी व्यक्त करतो.) लॅपटॉपवर चौथीतला नातू आणि मागे स्टॉपवॉच घेऊन नाना, असा प्रकार असतो. नातू सुट्टीला आला नसेल तर तिसऱ्या मजल्यावरचा कोणी तरी मुलगा पकडून आणतात. ‘रेडी, स्टेडी’ असा आवाज आला की शाळेचे स्पोर्ट्स चालू नसून सातबारा उघडतोय, हे आता जिन्यात सगळ्यांना कळतं. काकूंनी त्याच वेळी वायफायवर मालिका लावली असली, तर ती रीडिंगं रद्द. वहीत शेरा पडतो, ‘बाह्य लोड’.

नानांची चेष्टा करणं सोपं आहे आणि मी ती आयुष्यभर करणार आहे. पण माणूस शिकवतो चांगलं. आमच्या लॅपटॉपवर पंधरा-वीस टॅब उघडले की तो कण्हायला लागे. मी नानांना विचारलं. ते मला हाताला धरून आमच्याच दाराबाहेरच्या स्विचबोर्डापाशी घेऊन गेले.

“पूर्वी सगळ्या घराला मिळून एक फ्यूज असायचा. मोरीतला दिवा शॉर्ट झाला की देवघरसुद्धा काळोखात. तसंच ब्राउझरचं. एक पान अडकलं की सगळाच बंद पडायचा. 2008 ला क्रोम आला तो प्रत्येक टॅबला वेगळी एमसीबी घेऊनच. एक पडली तर तेवढीच पडेल, बाकीचं घर चालू. आता सगळेच तसं करतात. पण प्रत्येक एमसीबीला जागा लागते की नाही? ती जागा म्हणजे तुमची मेमरी. तुमची चार जीबी आणि टॅब वीस. वन रूम किचनमध्ये वीस एमसीबी लावल्यात तर माणसं राहणार कुठे?”

हे मला कुठल्याही जाणकाराने इतकं नीट सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी अकरा टॅब बंद केले. त्यातला एक गेल्या गणपतीतल्या मोदकांच्या पाककृतीचा होता.

असंच एकदा, ‘इनकॉग्निटो’मध्ये उघडलं की कोणालाच कळत नाही ना, असं खालच्या मजल्यावरच्या नवविवाहिताने हळूच विचारलं. नानांनी जिन्यातच, पूर्ण आवाजात खुलासा केला. “घरातल्यांना कळत नाही. लॅपटॉपवर हिस्ट्री राहत नाही, एवढंच. ज्या साइटवर जाता तिला दिसतं, आणि लाइन ज्याची घेतलीत त्यालाही तुम्ही कुठे गेलात ते दिसू शकतं. टोपी-गॉगल घालून स्वतःच्याच गल्लीतून जाण्यासारखं आहे ते. का हो, काय बघायचं होतं?” तो मुलगा हल्ली लिफ्टने जातो.

नानांच्या आयुष्यातला काळा दिवस दिवाळीतला. मुलगा घरी आला होता. वही चाळता-चाळता हसून म्हणाला, “बाबा, या सहातले पाच आतून एकच आहेत. एज काय, ऑपेरा काय, ब्रेव्ह, विवाल्डी... सगळे क्रोमियमवर बनलेत. क्रोमचाच पाया. फायरफॉक्स तेवढा वेगळा.”

नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, “पाच कंपन्यांची मीटरं, आणि आत कॉइल एकच?”

दोन दिवस ते कट्ट्यावर आले नाहीत. काकू फराळाचं ताट घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, “यांचं आपलं चाललंय. कोणी तरी गेल्यासारखे बसलेत.” तिसऱ्या दिवशी नाना उतरले ते नव्या उत्साहात. हातात वंशावळ! केडीई नावाच्या मंडळींच्या कॉन्करर ब्राउझरमध्ये केएचटीएमएल नावाचं इंजिन होतं. ते ॲपलने घेतलं, त्याचं वेबकिट केलं आणि 2003 साली सफारी आणला. तेच वेबकिट घेऊन गूगलने 2008 ला क्रोम काढला आणि 2013 मध्ये वेगळी चूल मांडून तिला ब्लिंक म्हटलं. त्याच वर्षी ऑपेराने स्वतःचं इंजिन सोडून क्रोमियम धरलं. मायक्रोसॉफ्टनेही आपलं इंजिन सोडलं आणि 2020 च्या जानेवारीत एजसुद्धा त्याच घरात आला. फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या संस्थापकांपैकी ब्रेंडन आइक तिथून बाहेर पडला आणि त्याने ब्रेव्ह काढला. ऑपेराचा एक संस्थापक बाहेर पडला आणि त्याने विवाल्डी.

“शुद्ध भाऊबंदकी!” नाना खूश होते. “भांडून घराबाहेर पडले, नव्या पाट्या लावल्या, आणि पीठ मात्र सगळे एकाच गिरणीतून आणतात.”

फायरफॉक्सवर त्या दिवसापासून त्यांचा विशेष जीव. वेगळी कॉइल ना! पण मोझिलाच्या उत्पन्नातला मोठा वाटा गूगलकडून येतो, फायरफॉक्समध्ये शोधायला गूगल ठेवण्याबद्दल, हे कळल्यावर त्यांनी रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं, ‘मीटर स्वतंत्र. बिल शेजारी भरतो.’ मुलाच्या आयफोनवर क्रोम दिसला तेव्हाही त्यांनी खोदून विचारलं, आणि आपल्याकडच्या आयफोनवर कुठलाही ब्राउझर घ्या, आत ॲपलचं वेबकिटच असतं, हे कळल्यावर टाळी वाजवली. “डबा क्रोमचा, भाजी सफारीची!”

सगळ्यात जास्त त्यांना काय आवडलं असेल, तर ब्राउझर साइटकडे जाताना स्वतःची ओळख कशी करून देतो ते. मुलाने एजची ओळख दाखवली. ती सुरू होते ‘मोझिला’पासून. मग ॲपलवेबकिट, मग कंसात ‘केएचटीएमएल, गेकोसारखा’, मग क्रोम, मग सफारी, आणि अगदी शेवटी कोपऱ्यात एज. नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या जमान्यात काही साइट चांगली पानं फक्त ‘मोझिला’ म्हणणाऱ्यालाच देत, म्हणून एक्सप्लोररनेही आपण मोझिलाच्या जातीतले असं सांगायला सुरुवात केली. पुढे येणारा प्रत्येक जण आधीच्या सगळ्यांची नावं सांगत आला. नाना म्हणाले, “आमच्या वेळी मुलगी बघायला येत तसंच हे. मुलाच्या मामांचे साडू मामलेदार, मावशीचे दीर इंजिनिअर, आत्येभाऊ मुंबईला. मुलगा स्वतः काय करतो हे चहा झाल्यावर, चपला घालताना.”

आता एक सांगायलाच हवं. या सगळ्या परीक्षांत काकू नव्हत्या. वहीत शेवटचा रकाना होता, ‘घरच्या माणसाला जमतं का’, आणि तो दोन वर्षं कोराच होता. काकूंना ब्राउझर हा शब्दच ठाऊक नाही. त्यांच्या फोनवर तळाशी, उजवीकडून दुसरं जे चित्र असतं, त्याला त्या ‘गूगल’ म्हणतात. ते दाबतात, तिथे ‘आज एकादशी आहे का’ लिहितात, वाचतात आणि फोन ठेवतात. तुमच्या-माझ्या घरांतही ब्राउझरचं नाव बहुधा हेच असावं.

नानांनी गेल्या पावसाळ्यात काकूंना न सांगता त्यांच्या फोनवर परीक्षा घेतली. दर महिन्याच्या एक तारखेला, काकू देवपूजेला बसल्या की फोन घ्यायचा, त्याच जागी दुसरा ब्राउझर ठेवायचा आणि तक्रार येते का ते बघायचं. जूनमध्ये फायरफॉक्स ठेवला. तक्रार नाही. जुलैत ब्रेव्ह. तक्रार नाही. ऑगस्टमध्ये एज, सप्टेंबरमध्ये ऑपेरा. आषाढी गेली, श्रावण गेला, गणपती येऊन गेले. काकूंनी व्रतं बघितली, उकडीचं प्रमाण बघितलं, भावाच्या ट्रेनची वेळ बघितली. कोल्हा, सिंह, निळी लाट, लाल गोल, सगळी चित्रं अंगठ्याखालून गेली. नाना रोज रात्री सहज म्हणून विचारायचे, “फोन बरा चाललाय ना?” काकू म्हणायच्या, “त्याला काय धाड भरलीय?”

एक ऑक्टोबरला नानांच्या हातून चूक झाली. पुन्हा क्रोम ठेवायचा होता. तो ठेवताना चित्र एक घर डावीकडे सरकलं. नानांनी चहाचा पहिला घोट घेतला नाही तोच आतून आवाज आला.

“अहो! माझं गूगल कुठे टाकलंत?”

नाना फोन घेऊन थेट आमच्याकडे आले. दम लागला होता. त्यांनी सगळी हकिगत सांगितली. मी म्हटलं, “नाना, पण चित्र बदललेलं त्यांना चार महिने दिसलं नाही?”

“मी विचारलं ना. म्हणाली, फोन आपला आपण बदलत असतो, मला वाटलं काही तरी अपडेट आलं असेल. पण वस्तू जागच्या जागी होती की नाही, म्हणाली. मग कशाला बोलू?”

नाना बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग आमच्याकडचंच पेन मागून घेतलं.

परवा आमच्या मुलीने नवा फोन घेतला. मी नानांना गाठून सरळ विचारलं, “आता शेवटचं सांगा. घरच्या वापराला कुठला?” नानांनी वही काढली, शेवटचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. लॅबमध्ये करायचे तशी खाली सही, तारीख. वर शेरा एका ओळीचा:

‘तळाशी, उजवीकडून दुसरा. ओके.’