कर्नाळ्याचे बहुरूपी

शाळेच्या निसर्गसहलीत मुलांना आवरण्याच्या कामी माझी नेमणूक झाली ती पक्षिज्ञानामुळे नव्हे, तर मी पायवाटेत उभा राहिलो असता कोणासही पुढे सरकता येत नाही, या निव्वळ भौगोलिक कारणामुळे. वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा ज्याचे किल्लेदार होते तो कर्नाळा किल्ला त्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्यासह मी पाहिला, अर्थात खालून.

मुलांच्या दप्तरांत पुस्तकांच्या जागी यंत्रे होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनु प्रकाश आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये जगापुढे मांडलेला, कागदाला घड्या घालून सिद्ध होणारा आणि वस्तू १४० पट मोठी दाखवणारा ‘फोल्डस्कोप’ डोळ्यास लावून मी शेवाळाच्या पेशींची हिरवी फरसबंदी इतका वेळ न्याहाळली, की मागे रांगेत बंडाची चिन्हे दिसू लागली. परंतु खरा मान पक्ष्यांचे आवाज ओळखणाऱ्या यंत्राचा. ऐकलेल्या स्वरांच्या चढउताराचा आलेख काढून, तो संग्रहातील ध्वनिमुद्रणांवरून शिकलेल्या नमुन्यांशी ताडून ते पक्ष्याचे नाव पडद्यावर रुजू करी. प्रथम तांबट हजर झाला, मग हळद्या, आणि तोच ‘शिक्रा’ ही अक्षरे उमटताच सारी फौज चढणीकडे धावली व तिला अडवण्यासाठी तैनात असलेला मी तिच्या पिछाडीस फरफटत गेलो. वर पोचतो तो एकाच फांदीवर शिक्रा, सर्पगरुड आणि हळद्या गुण्यागोविंदाने नांदत असल्याची यंत्राची जबानी! माझ्या धापेची धनेशाच्या पंखांचा फडफडाट म्हणून त्याने नोंद केली नाही, हा त्याचा विनय.

अखेर पानांआडून प्रकटला तो एकटा भृंगराज, शेपटीच्या दोन लांब तारांच्या टोकांशी पिसांच्या पताका मिरवीत. इतर पक्ष्यांच्या हाका, त्यातही धोक्याच्या हाका, हुबेहूब उचलण्यात याचा हात धरणारे रानात विरळाच. यंत्राने ऐकले ते इमानाने सांगितले होते. साक्षीदारच बहुरूपी निघाला. सोबतच्या बाई मात्र सहलीच्या तक्त्यातल्या रकान्यात काय भरायचे याच विवंचनेत होत्या. या रकान्यांनी मुलांच्या कुतूहलाचा जेवढा संहार केला आहे, तेवढा साऱ्या शिकऱ्यांनी मिळून चिमण्यांचा केला नसेल.

मुख्याध्यापकांच्या आवाजाची नक्कल केल्याबद्दल वारंवार वर्गाबाहेर उभा राहणारा एक मुलगा त्या झाडाखालून हलेना. यंत्र त्याने केव्हाच दुसऱ्याच्या हाती दिले होते. “काका,” त्याने हळूच विचारले, “ह्याला कोणी ओरडत नाही?”

“नाही रे,” मी म्हणालो, आणि पुढे काही बोलवेना.

परतताना गाडीच्या मागच्या बाकावरून मुख्याध्यापकांचा आवाज कडाडला, “शांतता राखा!” बाई ताठ बसल्या, मी तोंडातला वडा न चावता गिळला. बाईंच्या मांडीवरचे यंत्र मात्र मुळीच फसले नाही.