एका सुट्टीचे दोन मुहूर्त

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल या बंदराचे कौतुक करावे तेवढे थोडेच. २६ जानेवारी १७८८ रोजी इंग्रजांनी सिडनीत झेंडा रोवला, म्हणून त्या तारखेला देशभर ‘ऑस्ट्रेलिया डे’ची सुट्टी. फ्रीमँटलला वसाहतवाले पोहोचले १८२९ साली, म्हणजे एकेचाळीस वर्षे उशिरा. पण सुट्टीच्या बाबतीत गाव वक्तशीर. मूलनिवासींच्या लेखी हा आक्रमणाचा दिवस, हे नगरपालिकेला पटले. तिने २०१७ साली त्या रात्रीची आतषबाजी रद्द करून २८ जानेवारीला सर्वसमावेशक सोहळा ठेवला. स्थानिक व्यापाऱ्यांनी पदरमोड करून २६ तारखेचे फटाके उडवलेच.

याला कोणी दुटप्पीपणा म्हणेल. छे! गुरुवारी अभिमान, शनिवारी पश्चात्ताप आणि मधल्या शुक्रवारी एक रजा टाकायची, इतके सुटसुटीत नियोजन भल्याभल्या राष्ट्रांना जमलेले नाही. दोन दिवसांनी इतिहास बदलतो का, हा आक्षेपही पोकळ आहे. दोन दिवसांत जखमेवर खपली धरू लागते, मग दोनशे वर्षांच्या जखमेला आणखी किती मुदत हवी? उलट प्रत्येक मताला स्वतंत्र सुट्टी द्यावी. वर्ष संपेल, पण वाद उरणार नाही.

एवढी संवेदनशीलता सोसवत नसेल, तर समोरच रॉटनेस्ट बेट आहे. १८३८ पासून तिथे मूलनिवासींचा तुरुंग होता. पुढे त्याच इमारतीत पर्यटकांच्या राहण्याची सोय झाली, ती थेट २०१८ पर्यंत. फेरीबोट दोन्ही तारखांना सुटते.