योग्य स्थळी बंद पडण्याविषयी

जो गृहस्थ अंधेरी, बोरिवली, मुलुंड अथवा घाटकोपर येथे वास्तव्य करून प्रीमियर पद्मिनीसारखी वयस्क मोटार बाळगू इच्छितो, त्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे की, गाडी सुरू कशी करावी हा प्रश्न सर्वस्वी गौण असून, ती कोठे बंद पडू द्यावी याच्या सम्यक् विचारावरच त्याची प्रतिष्ठा, त्याचे गृहसौख्य आणि सोसायटीच्या चिटणिसाशी असलेले त्याचे संबंध अवलंबून असतात.

दस्तऐवजांची बाब थोडक्यात आटोपते. खासगी मोटारीच्या नोंदणीची मूळ मुदत 15 वर्षांची. ती सरल्यावर गाडी परिवहन कार्यालयात जातीने हजर करावी, पर्यावरण कर विनातक्रार भरावा आणि पुढील 5 वर्षांचे नूतनीकरण पदरात पाडून घ्यावे. काळ्यापिवळ्या टॅक्सीस 20 वर्षांची मर्यादा असल्यामुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 रोजी सेवानिवृत्त झाली. खासगी पद्मिनीस असे वय ठरलेले नाही, याचा आनंद मानावा की खेद, हे मेस्त्रीच्या बिलावर ठरेल. तपासणीच्या दिवशी गाडी पहिल्याच चावीला सुरू होते. हा तिचा कावा समजावा.

आता मुख्य विषय. घाटकोपरच्या टेकडीलगत राहणारा मालक भाग्यवान होय, कारण गाडीचे तोंड उताराकडे करून ठेवले असता सेल्फ रुसला तरी हँडब्रेक सोडून, क्लच दाबून, स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअर दुसऱ्यात टाकून, गाडीने वेग घेताच क्लच सोडला की इंजिन खाकरत जागे होते. बोरिवलीच्या सपाट प्रदेशात मात्र ही निसर्गदत्त सोय नसल्याने वॉचमन, इस्त्रीवाला आणि समोरच्या वाण्याची मुले यांच्याशी आगाऊ सलोखा राखावा. उड्डाणपुलावर बंद पडणे अपरिहार्यच असेल, तर माथा ओलांडून पलीकडे पडावे.

एप्रिल-मे महिन्यांत पूर्व द्रुतगती मार्गावर मुलुंडहून येताना वाहतूक तुंबली की पाइपातील पेट्रोलची वाफ होते, पंप ती ओढू शकत नाही आणि गाडी एक-दोन आचके देऊन थांबते. अशा समयी घाबरू नये. बॉनेट उचलून, यासाठीच सोबत बाळगलेला पंचा भिजवून पंपावर गुंडाळावा. बॉनेट उचलताच एक सल्लागार मंडळ आपोआप स्थापन होते; त्यातील प्रत्येक इसमाच्या मामांकडे हीच गाडी होती आणि ती कधी बंद पडली नव्हती. त्यांच्याशी वाद न घालता त्यांना गाडीच्या मागील बाजूस उभे करावे.

पावसाळ्यात अंधेरीचा सबवे निषिद्ध मानावा. मोगरा नाला भरला की तेथे तरंगण्याचा प्रसंग नव्या गाड्यांवरही येतो. पण नवी गाडी बुडाली तर लोक हळहळतात, जुनी बुडाली तर मालकाच्या अकलेची चौकशी करतात. केवळ सरींचा त्रास असेल, तर डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून आतील दमटपणा कोरड्या फडक्याने टिपणे पुरते.

मेस्त्री वयाने गाडीहून थोर असावा. त्याने स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला व टोक इंजिनाला लावून, डोळे मिटून ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आहे’ असा निर्वाळा दिला म्हणजे निदान झाले. दुसरे निदान सहसा नसतेच. सुटे भाग कुर्ल्यास शोधावेत. वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या ज्या कारखान्यात पद्मिनीचा जन्म झाला तो कुर्ल्यासच होता. आज तिची बहुतेक इंद्रिये दिवंगत भगिनींकडून आलेली असतात, आणि हॉर्न तर निश्चितच परजातीतला असतो.

नातेवाइकांना विमानतळावर पोहोचविण्याचे आश्वासन कदापि देऊ नये. आणावयास जाण्यास हरकत नाही. त्यांचे विमान तोवर सुखरूप उतरलेले असते, आणि परतीच्या वाटेवर धक्का द्यावयास घरचीच माणसे लाभतात.