नवशिक्यांसाठी स्कूटर-दुरुस्ती, ऊर्फ पार्किंगमधला रविवार

ज्यांनी आजवर स्कूटरमध्ये पेट्रोल सोडून काहीही घातलेलं नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांच्या घरी चेतक होती आणि ज्यांनी ती भर पावसात, टॉर्च दातांत धरून सुरू केली आहे, त्यांनी पुढे वाचू नये. त्यांना यातलं सगळं येतं, आणि आपल्याला ते येतं हे सांगायलाही येतं.

समोर 110 सीसीची गिअरलेस पेट्रोल स्कूटर आहे असं धरून चालतो. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत डोळे मिटून हात पुढे केला तर तो बहुधा तिच्याच सीटवर पडेल. इलेक्ट्रिकवाल्यांनी हवेचा आणि ब्रेकचा भाग वाचावा, बॅटरीच्या खोक्यापासून लांब राहावं आणि बाकीच्यांकडे सहानुभूतीने बघावं.

आधी मुहूर्त. खंडेनवमी टाळा. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि पूजेला मांडलेला पाना उचलायचा नसतो. दसऱ्याला गाडी धुतात, हार घालतात, पण उघडत नाहीत. रविवार उत्तम, तोही सकाळी सातचा. साडेआठनंतर पार्किंगमध्ये पेपर वाचून झालेली माणसं उतरू लागतात आणि उघडी स्कूटर दिसली की त्यांच्यातला एकही पुढे जात नाही.

साहित्य फार लागत नाही. 8 पासून 14 नंबरपर्यंतचे रिंग पाने, एक बरा स्टार स्क्रूड्रायव्हर, प्लग-पाना, हवेचा गेज, जुने बनियन. जबडा लहानमोठा होणारा पाना घरात असेल तर तो घरातच राहू द्या. तो कुठल्याही नटाला बसतो असं वाटतं, म्हणजेच कुठल्याही नटाचे कोपरे गोल करू शकतो. ऑइल धरायला पाच लिटरचा रिकामा कॅन आडवा कापून घ्या. स्वयंपाकघरातली परात घेऊ नये. पराती मोजलेल्या असतात.

सगळ्यात महत्त्वाचं हत्यार म्हणजे गाडीबरोबर आलेलं पुस्तक. ते आरसी, विमा आणि संपलेली पीयूसी यांच्या फायलीत सापडेल. या लेखात आणि त्या पुस्तकात मतभेद झाला तर पुस्तकाचं ऐका. काकांत आणि पुस्तकात मतभेद झाला तरीही.

काकांबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण स्पेअर पार्ट एकवेळ मिळत नाही, काका मिळतातच. ते दुसऱ्या मजल्यावर राहतात. तुम्ही पहिला स्क्रू काढताच ते येतात आणि विचारतात, "काय, प्लग का?" काहीही बिघडलेलं असो, निदान प्लग हेच असतं. यात त्यांची चूक नाही. 1972 साली चेतक आली तेव्हापासून या शहराचं दुचाकीचं शिक्षण तिच्यावर झालं. इंजिन टू-स्ट्रोक, ऑइल पेट्रोलातच मिसळायचं, ते पेट्रोलाबरोबर जळायचं. त्यामुळे प्लगवर काजळी धरणं हा तिथे बिघाड नव्हता, दिनक्रम होता. डिकीत सुटा प्लग आणि पॉलिश पेपर असायचा, मागे स्टेपनी असायची, बाजूचं फुगीर झाकण काढलं की इंजिन समोर. मालकाने उघडावी म्हणूनच ती गाडी तशी बांधलेली होती. सुरू होत नसेल तर तिला आडवी करायची, सरळ करायची, किक मारायची. हा उपाय इतक्यांदा लागू पडला आहे की एक अख्खी पिढी आजही कुठलंही यंत्र बंद पडलं की ते आधी तिरकं करून बघते.

तुमच्या समोरची गाडी मात्र मालकावर विश्वास न ठेवणाऱ्या काळात जन्मली आहे. तिचं इंजिन फोर-स्ट्रोक आहे आणि अंगभर प्लास्टिक आहे. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर बहुतेक स्कूटरमधून कार्ब्युरेटरही गेला. इंधन किती सोडायचं ते आता एक छोटा संगणक ठरवतो. तिला आडवी करून काही होत नाही. फार तर आरसा फुटतो. काकांना हे सांगू नका. "हो काका, प्लगही बघतो," म्हणा आणि हवेपासून सुरुवात करा.

हवा हे काम इतकं सोपं आहे की कोणी करत नाही. पंपावरचा मुलगा "किती?" विचारतो, आपण "टाक नेहमीसारखी" म्हणतो, आणि नेहमीसारखी म्हणजे किती हे दोघांनाही माहीत नसतं. ॲक्टिव्हासारख्या गाडीला पुढे 22 आणि मागे एकट्याला 29, डबलसीट असाल तर मागे 36 पीएसआय. आपल्या गाडीचा आकडा पुस्तकात बघून पाठ करा. मोजायची ती थंड टायरमध्ये. दहा किलोमीटर तापवून आणलेला टायर जास्त हवा दाखवतो. गेज घरी असेल तर हे सकाळी दोन मिनिटांत होतं. 'पिकअप गेलाय', 'ॲव्हरेज पडलाय', 'हँडल जड झालंय' या तीन तक्रारींतल्या बऱ्याचशा इथेच मिटतात. त्या अशा फुकटात मिटल्याचं मनाला पटत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता ऑइल. नवशिक्याला इथेच आपण मेकॅनिक झाल्यासारखं वाटतं, म्हणून इथे जरा थांबू.

आधी पातळी बघायला शिका. गाडी सपाट जागी, मेन स्टँडवर. इंजिन तीन-चार मिनिटं चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. या वेळात कोणाशी बोलू नका. बोललात तर ती वीस होतात. मग काडी काढा, पुसा, परत भोकात टेकवा. नुसती टेकवा. होंडाच्या स्कूटरची काडी मोजताना पिळायची नसते. पिळली की ती जास्त आत जाते आणि कमी असलेलं तेलही भरपूर दिसतं. दोन खुणांच्या मध्ये तेल असेल तर ठीक. रंग काळा दिसला म्हणून हाय खाऊ नका. इंजिनातली घाण अंगावर घेणं हे तेलाचं कामच आहे. बदलायचं ते पुस्तकातल्या किलोमीटरवर. चिंता करावी ती पातळी खाली गेल्याची, कारण या इंजिनात तेल एक लिटरही नसतं, आणि त्यातलं पाव लिटर कमी झालं तरी उरलेल्याची धावपळ होते.

बाटली घेताना दोन गोष्टी वाचा. एक ग्रेड, बहुतेक गाड्यांना 10डब्ल्यू-30. दुसरी बारीक अक्षरांतली: एमबी. मोटरसायकलच्या बाटलीवर तिथे एमए असतं. मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो, त्याला फार निसरडं तेल चालत नाही. स्कूटरचा क्लच बाहेर, पट्ट्याच्या बाजूला, कोरडा असतो, म्हणून तिचं तेल निसरडं असलेलं उलट चांगलं. दुकानदार "सगळं एकच असतं हो" म्हणेल. त्याच्याकडे तेव्हा एमबी संपलेलं असतं.

बदलताना इंजिन कोमट हवं, म्हणजे तेल पातळ होऊन नीट निथळतं. तापलेलं नको, ते कोपरापर्यंत ओघळतं. खाली वाकलात की सांडायचे बोल्ट एक नाही, दोन दिसतील. एक इंजिन ऑइलचा, दुसरा मागच्या चाकापाशी गिअर ऑइलचा. गिअरलेस गाडीत गिअर ऑइल कशाला, हा प्रश्न रास्त आहे. तिथे वेग कमी करणारी दातेरी चाकं असतातच, ती आपल्याला बदलावी लागत नाहीत एवढंच. दोन्ही बोल्ट एकाच वेळी पोटाखालून बघितले की सारखेच वाटतात. चुकीचा उघडलात तर चाकापाशी कोरडं पडतं, इंजिनात जुनं तेल तसंच राहतं, त्यावर तुम्ही नवं ओतता आणि पहिल्या चौकात धूर निघतो. म्हणून आधी पुस्तकातलं चित्र, मग जमीन, मग पाना. हा क्रम उलटा करणारे पुष्कळ आहेत. गॅरेजं त्यांच्यावरच चालतात.

बोल्ट परत लावताना नवा वॉशर टाका, आणि आधी हाताने, बोटांनी फिरवा. वाकडा बसला तर बोटांना कळतं, पान्याला कळत नाही. शेवटी मनगटाने आवळा, खांद्याने नको. इंजिनाचं अंग ॲल्युमिनियमचं असतं आणि त्याचे आटे एकदा गेले की वीस रुपयांच्या उत्साहाची भरपाई हजारांत होते. या टप्प्यावर काका "अजून एक फेरा मार" म्हणतील. मारू नका.

जुनं तेल त्याच बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्या. ते गटारात ओतू नये, झाडाला तर मुळीच नको, आणि 'दाराच्या चौकटीला लावू, वाळवी लागत नाही' हा विचारही घरात बोलून दाखवू नये.

ब्रेकला हात लावण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा: आतापर्यंतच्या चुकांमुळे गाडी फक्त थांबत होती, इथल्या चुकीमुळे ती थांबत नाही. ड्रम ब्रेक असेल तर लिव्हर साधारण 10 ते 20 मिलिमीटर मोकळी चालावी आणि मग पकड यावी. ती हँडलला टेकत असेल तर चाकापाशी रॉडच्या टोकाला असलेला नट अर्धा-अर्धा फेरा आवळा. नटाला खाच असते, ती पिनेवर खटकन बसली पाहिजे. मग मेन स्टँडवर चाक हाताने फिरवा. अडखळत असेल तर जास्त आवळलंत. ब्रेकच्या दांड्यावर एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो शेजारच्या खुणेपर्यंत पोचत असेल तर लायनर संपलेत, आता नट कितीही आवळा. 2019 नंतरच्या गाडीला कॉम्बी ब्रेक असतो, डावी लिव्हर दाबली की दोन्ही चाकांना लागतो. तिथे एका ठिकाणी केलेली सेटिंग दुसऱ्या ठिकाणी जाणवते, म्हणून पुस्तकातला क्रम सोडू नका. आणि पहिली चाचणी पार्किंगमध्ये, पायी चालण्याच्या वेगाने. सिंहगड रोडवर नव्हे.

बॅटरी थोडक्यात. काढताना आधी वजा, लावताना आधी अधिक. हल्लीच्या बंद बॅटरीत पाणी घालायचं नसतं, आणि ते घालायला झाकण कुठे आहे हे शोधायचंही नसतं. टर्मिनलवर पांढरं फुललं असेल तर पुसून थोडं व्हॅसलीन लावा. बटन दाबल्यावर नुसतं टक् होत असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनल आवळून बघा.

प्लगही एकदा बघूनच घ्या. एक तर तुम्ही शब्द दिला आहे, आणि दुसरं म्हणजे काका अजून तिथेच उभे आहेत. इंजिन थंड असताना काढा. टोक फिकट तपकिरी दिसलं तर आत सगळं ठीक. काजळी असेल तर पेट्रोल जास्त जळतंय किंवा फिल्टर तुंबलाय. ओलं, तेलकट असेल तर खर्च आहे. पॉलिश पेपरने घासत बसू नका, नवा प्लग फार महाग नसतो. तोही आधी बोटांनी पूर्ण आत, मग पान्याने अर्धा फेरा. काका जुना प्लग मागून घेतील, उजेडात धरतील आणि "बघ, म्हटलं नव्हतं?" म्हणतील. तो कसाही दिसत असला तरी.

यापुढचं प्लास्टिकच्या आत आहे आणि तिथे नवशिक्याला काम नाही. पॅनेल ओढलं की 'टक्' आवाज येतो. तो क्लिप सुटल्याचा असतो किंवा तुटल्याचा, आणि दोन्ही आवाज अगदी सारखे असतात. तरी उघडायचंच असेल तर पुठ्ठ्यावर गाडीचं चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. ते वेगवेगळ्या लांबीचे असतात, आणि आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला की तो पलीकडे काहीतरी शोधून त्याला भोक पाडतो. एअर फिल्टर काढलात तर त्यावर फुंकर मारू नका, धुऊ तर नकाच. बऱ्याच गाड्यांत तो तेल लावलेल्या कागदाचा असतो. तो साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. पट्ट्याचं झाकण गॅरेजवाल्यासाठी ठेवा. त्यालाही घर आहे.

सगळं बसवून बटन दाबल्यावर गाडी सुरू झाली तर शांतपणे जिना चढा, चढताना कोणालाही काही सांगू नका. नाही झाली तर आधी बघा: किल स्विच 'रन'वर आहे का, साइड स्टँड वर आहे का, ब्रेक दाबून बटन दाबताय का, पेट्रोल आहे का. या चारांत न सापडल्यास ढकलत गॅरेजला न्या. नेहमीच्या गॅरेजला. लांबच्या गॅरेजला जाऊन ओळख लपवायचा प्रयत्न करू नये. ढकलावं तुम्हालाच लागतं.

गॅरेजवाला सीट उचलेल, एका स्क्रूचं डोकं बघेल आणि विचारेल, "साहेब, कुणी उघडली होती?" त्याला उत्तर माहीत असतं, त्या स्टारच्या झिजलेल्या कोपऱ्यांवर ते लिहिलेलं असतं. तरी सांगा. काय काय काढलं, कुठल्या क्रमाने, कुठलं ऑइल टाकलं, सगळं. त्याचा अर्धा तास वाचेल. बिलात तो वाचलेला दिसणार नाही. मग उरलेला एक स्क्रू खिशातून काढून काउंटरवर ठेवा. तो न बघताच सांगेल की हा या गाडीचा नाहीच.