साहेबांचा साईज

मला पडायचं होतं, पण देखणेपणानं. कच्च्या वाटेवर मोटारसायकल शिकायची तर पडणं ठरलेलंच, हे शिकवणाऱ्या पोरानं आधीच सांगून टाकलं होतं. (हा माझाच जुना विद्यार्थी. भूगोलात काठावर पास. आता तो मला जमिनीची ओळख करून देतो.) जमिनीची गाठ पडेल तेव्हा अंगावर काय असावं, एवढंच ठरवायचं होतं. शहाण्या बाईनं कोणत्या हाडाला किती धोका आहे याचा हिशोब केला असता. मी काळ्यावर केशरी उठून दिसेल की राखाडीवर पिवळं, या चिंतेत रविवार घालवत होते.

नागपूरजवळच्या कामठीत मिरवणं तसं अवघडच. १८२१ पासून छावणी असलेलं गाव. भरलेला पॅक पाठीवर घेऊन पळणारे गार्ड्स रेजिमेंटचे जवान इथं रोजचेच. अशा गावात गुडघ्यांना प्लास्टिकच्या वाट्या बांधून निघालेल्या बाईला पाहून कुणी दिपून जात नाही. फार तर पानठेल्यावरून आवाज येतो, "मॅडम, भरती निघाली का?"

पहिली खरेदी अर्थातच हेल्मेट. मला चोचवालंच हवं होतं, कारण डाकार रॅलीतल्या फोटोंत सगळ्यांना चोच असते. ती नवरदेवाच्या बाशिंगासारखी कपाळावर मिरवते, पण तिला काम आहे. ऊन अडतं, आणि पुढच्या गाडीच्या चाकानं उडवलेले खडे आले की मान खाली घातली तर ते तिच्यावर बसतात. माझ्यापुढे कुणीच नसतं, कारण सगळे केव्हाच पुढे गेलेले असतात. शिवाय ऑटोमोटिव्ह चौकापासून कामठी रोडला गाडी जरा पळवली की वारा चोचीत भरतो आणि मान मागे ओढतो. ही माहिती विकत घेतल्यावर मिळते.

हेल्मेटच्या आतला प्रकार मात्र पाहण्यासारखा आहे. कवचाखाली असतो चक्क थर्माकोल, दाट दाबलेला. २०१८ साली गणपतीच्या मखरातून राज्य सरकारनं ज्याला हद्दपार केलं, तोच. जोराचा आदळा बसला की तो चेपतो आणि चेपता चेपता धक्का खातो, पण पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा नीट आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही नवंकोरं दिसलं तरी बाद. आणि ही वस्तू सक्तीची झाली ती फौजेमुळे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला इंग्रज फौजी १९३५ साली मोटारसायकलवरून पडून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. पुढे महायुद्धात त्यांनी निरोप पोचवणाऱ्या मोटारसायकलस्वार शिपायांच्या फुटलेल्या डोक्यांचा अभ्यास केला, १९४१ मध्ये त्यावर लेख लिहिला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश फौजेनं या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. छावणीच्या गावात राहून हे ठाऊक नसावं, याची मला लाज वाटली आणि मी ते दिसेल त्याला सांगत सुटले.

आता दुपट्ट्याबद्दल बोलते. गरज काही नाही, पण नागपूरकडच्या बाईला अंगाच्या संरक्षणावर लिहायला बसवून दुपट्टा टाळायला लावणं हा अन्याय आहे. आमचा मे म्हणजे २०१३ साली ४७.९ अंशांवर गेलेला मे. त्या उन्हात स्कूटी काढायची तर आधी बांधणी. दुपट्टा कपाळावरून घ्यायचा, एक टोक हनुवटीखालून कानामागे न्यायचं, दुसरं नाकावरून फिरवून मागे घट्ट गाठ मारायची. डोळ्यांवर गॉगल. अंगात पांढरा सनकोट, हातात कोपरापर्यंत मोजे, पायात अंगठा वेगळा शिवलेले मोजे, कारण चपलेतून दिसणारा अंगठाही काळा पडता कामा नये. नुसते डोळे उघडे राहतात, तेही गॉगलआड. सख्खा बाप शेजारून गेला तरी ओळखत नाही. कॉलेजच्या वयात दुपट्ट्याचा हाच सर्वांत मोठा गुण होता आणि बापांनाही तो कळत असावा, कारण चौकात ते प्रत्येकच दुपट्ट्याकडे संशयानं बघत. शिवाय पर्समध्ये कांदा. कांद्याचं शास्त्र कुणी विचारू नये. संध्याकाळी तो मऊ पडला की "ऊन त्यानं घेतलं" असं आई म्हणायची आणि तोच चिरून झुणक्यात घालायची. म्हणजे दिवसभर टाळलेलं ऊन रात्री आम्ही सगळे मिळून खात होतो.

डोक्यापासून पायापर्यंत एवढा जामानिमा, पण स्कूटी घसरली तर वाचवील असा त्यात धागा नाही. वर्षानुवर्षं आम्ही सांभाळला तो रंग. "काळी पडशील" हे हजारदा ऐकलं, "हाड मोडेल" हे एकदाही नाही. मोडलं असतं तरी पहिला प्रश्न आला असता, आता हिचं जमेल कसं?

त्यामुळे नागपुरातल्या एका दुकानात हाडांसाठी म्हणून गेले, तेव्हा जरा छाती फुगवूनच गेले. काउंटरवरच्या पोरानं नम्रपणे विचारलं, "साहेबांचा साईज सांगा ना. एक्सएल असन?"

"साहेब घरी आहेत. मला हवंय."

"तुमाले?" तो थोडा वेळ गप्प. मग चेहरा उजळला. "पिंक दाखवू का?"

पिंक म्हणजे तेच पुरुषांचं जॅकेट, पण गुलाबी. छातीचं कवच सपाट. ते बाईच्या अंगावर पाटासारखं बसवू गेलं तर श्वास अडतो, ढिलं सोडलं तर हनुवटीला लागतं. नीगार्डची नडगीवरची नळी लांब, त्यामुळे नळी घोट्यावर टेकवली तर वाटी मांडीवर येते, आणि वाटी गुडघ्यावर आणली तर खालचं टोक बुटात रुततं. त्या पोराचा काय दोष? तो मालकानं ठेवलेलं दाखवणार. पण मी गप्प बसू शकले नाही. गार्डवरच्या सीई या युरोपीय खुणेमागे मोठा हिशोब आहे. ५० ज्यूलचा ठोका मारून बघतात. पाठीच्या गार्डमधून सरासरी १८ किलोन्यूटनपेक्षा जास्त जोर अंगापर्यंत पोचला नाही तर पहिली पातळी, ९ पेक्षा जास्त पोचला नाही तर दुसरी. मात्र ठोका बसताना गार्ड त्या हाडावर असेल तरच या आकड्यांना अर्थ. सरकलेली वाटी म्हणजे निव्वळ दागिना. कोपर-गुडघ्यांच्या गार्डांसाठी त्या युरोपीय मानकात लहान अंगाचा 'ए' आणि मोठ्या अंगाचा 'बी' असे दोन आकार लिहून ठेवलेत. म्हणजे लहान हाडांची माणसं जगात असतात हे युरोपात ठाऊक आहे. आमच्या दुकानापर्यंत ती बातमी यायची आहे. बेंगळुरूच्या मोटारसायकलस्वार ऐश्वर्या पिस्सेनं २०१९ मध्ये बाहा रॅलींच्या जागतिक करंडकाचं महिलांचं विजेतेपद आणलं, त्याच्या आदल्या वर्षी स्पेनमध्ये पडून तिच्या स्वादुपिंडाला जबर इजा झाली होती. आणि इथं अजून साहेबांचा साईज.

रागाचं खरं कारण दुकान नव्हतंच. आमच्याकडे रस्त्यावर कधीही बघा, पुढे साहेब हेल्मेट घालून आणि मागे बाई एका बाजूला पाय सोडून, डोक्यावर पदर, मांडीवर लेकरू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, पण पदराला कुणी पावती फाडत नाही. माझ्या सासूबाई अशाच बसून त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला जायच्या, राजदूत मोटारसायकलवर, माझ्या नवऱ्याला पोटाशी धरून. एका हातात तो, दुसऱ्या हातानं मागचं कॅरिअर पकडलेलं. पदर सुटला तर दातात धरायचा. त्यांचं डोकं शाबूत राहिलं ते नशिबानं, आणि त्या नशिबावर माझा संसार उभा आहे.

शिकवणाऱ्या पोराला हे भाषण ऐकवलं. तो म्हणाला, "मॅडम, पहिले बूट घ्या. बाकी मंग पाहू."

त्याचं खरं होतं. नवशिक्या वेगात पडत नाही, तो उभ्या-उभ्या पडतो. माझ्या एक्सपल्स मोटारसायकलची सीट ८२५ मिलिमीटर उंच, माझी टाच हवेत. गाडी थांबते, मी पाय टेकायला जाते, तिथं नेमका खळगा असतो आणि दीडशेवर किलो वजन सावकाश, सगळ्यांना दिसेल अशा बेतानं, घोट्यावर येतं. बुटाचा मुख्य उपयोग हा. जाड तळव्यानं बोटभर उंची वाढते, हा वरचा नफा. केशरी रंगात माझ्या मापाचे नव्हते, त्यामुळे पांढरे घेतले. काळ्या मातीच्या मुलखात पांढरे बूट!

कन्हान नदीच्या काठच्या रेतीत पुढचा ब्रेक दाबायचा नसतो. मी दाबला. पडल्यावर आधी कुणी पाहिलं का ते पाहिलं, मग बूट पाहिले, मग घोटा. घोटा गाडीखाली होता आणि ठणठणीत होता. शेजारच्या वावरातल्या बाया निंदण टाकून धावत आल्या. "लागलं का वं बाई?" नाही म्हटल्यावर त्यांनी गाडी उचलली, मला उचललं, आणि एकीनं बुटांवर बोटानं ठोकून विचारलं, "केवढ्याचे आहेत?" मी निम्मी किंमत सांगितली. तरी तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला खरा आकडा गिळता आला याचं समाधान वाटलं.

नीगार्ड शेवटी मुलांच्या मापाचे मागवले. ते बरोबर बसले. घरी आल्यावर अंगणात काढून ठेवले आणि आंघोळीला गेले. बाहेर येते तर सासूबाई मागच्या वाफ्यात, वांग्याच्या झाडांत, दोन्ही गुडघे टेकून निवांत तण काढत होत्या. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी वाफा केव्हाच सोडला होता. लुगडं वर खोचलेलं, दोन्ही पायांना माझे गार्ड, पट्टे उलटे बांधलेले.

"अवो आई, ते माझे आहेत."

"मले बरोबर बसतात," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तू आपल्यासाठी दुसरे आन."