गदेचे बारसे

भाच्याने एमएमए सुरू केले. नुसते डाव शिकून भागत नाही, ‘क्रॉस ट्रेनिंग’ हवेच, असे कोच म्हणाले. म्हणून वेगळी जिमही लावली. एसी हॉल, रबरी मॅट, भिंतभर आरसे. तिथे त्याने लांब दांड्याचा, टोकाला लोखंडी गोळा असलेला ‘स्टील मेस’ खांद्यामागून फिरवून दाखवला. मी म्हटले, “अरे, ही तर मारुतीची गदा!”

“मामा, हे फंक्शनल आहे,” तो कळवळून म्हणाला.

आमच्या तालमीत वस्ताद पहाटे आधी फावडे हाती देत. तेल, ताक, हळद, लिंबू मुरलेली तांबडी माती उकरतानाच कंबर बोलू लागे. मग जोर, बैठका, करेल आणि मुद्गल फिरवणे. या सगळ्याला इंग्रजी नाव नव्हते. म्हणूनच बहुधा पॅकेजही नव्हते. मुद्गल मात्र हुशार. इंग्रजांबरोबर बोटीत बसले आणि १९०४ च्या ऑलिम्पिकमध्ये ‘क्लब स्विंगिंग’ होऊन पदके वाटून आले.

पुढच्या महिन्यात भाच्याच्या जिममध्ये ‘सँड पिट कंडिशनिंग’ आहे म्हणे. म्हटले, फावडे फीमध्ये धरले आहे की घरून न्यायचे, तेवढे विचारून ठेव.